आपद्धर्माचे विद्यार्थी

आजच्या भाषणाचा विषय थोडा अपरिचित वाटण्याजोगा आहे. नोकरी-व्यवसाय सांभाळून प्रौढ स्त्री-पुरुषांनी आपत्तींच्या व्यवस्थेचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे काय, आणि घ्यायचे तर ते कशासाठी, असा हा विषय आहे. पूर, वादळ, दरड हे शब्द रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. परंतु ह्या गोष्टींचा विद्यापीठात नाव घालून अभ्यास करावयाचा, त्यावर निबंध लिहावयाचा, परीक्षा द्यावयाची, आणि तीही संसार व नोकरी ह्यांच्या ऐन धकाधकीत, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. पूर आला की माणसे वाचवावी, ह्यात शिकावयाचे ते काय, असे विचारणारे सुज्ञ लोकही आढळतात. त्यांच्या प्रश्नाला यथामती उत्तर देण्याचा आज विचार आहे.

वस्तुतः ही कल्पना आपणांस वाटते तितकी नवी नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्म नावाचे एक स्वतंत्र उपपर्व आहे. संकटकाळी राजाने कसे वागावे, ह्याचा उपदेश शरपंजरी पडलेले भीष्म त्यात युधिष्ठिराला करतात. ह्या प्रसंगातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. येथील शिष्य गुरुगृही राहणारा बटू नाही. त्याला राज्याभिषेक झालेला आहे आणि राज्याचा भार त्याच्या खांद्यावर येऊन पडलेला आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो कामावर रुजू झालेला अधिकारी आहे. दुसरी गोष्ट अशी की गुरूचे दिवस मोजके उरले आहेत. भीष्मांबरोबर त्यांचे ज्ञानही अस्तास जाईल, म्हणून आताच जाऊन विचारून घे, असे श्रीकृष्णाला युधिष्ठिरास सांगावे लागते. अनुभवी माणूस निघून जाण्यापूर्वी त्याचा अनुभव पुढच्याच्या हाती पडावा, ही तळमळ त्या कथेत आहे. आपल्या आजच्या विषयाचे मर्मही तेच आहे.

आता पुराणातून आपल्या जिल्ह्यात येऊ. चिपळूण शहर २००५ च्या जुलै महिन्यात बुडाले, आणि त्याहून भयंकर रीतीने ते २२ जुलै २०२१ रोजी बुडाले. ह्या दोन पुरांमध्ये सोळा वर्षे गेली. महाराष्ट्रात सरकारी नोकरांच्या बदल्यांविषयी जो कायदा आहे, त्यात एका जागेवरील सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची धरली आहे. हा हिशेब कोणासही करता येईल. सोळा वर्षांत एकेका खुर्चीवर निदान पाच माणसे येऊन जातात. ज्याने पहिला पूर पाहिला, पाणी प्रथम कोणत्या गल्लीत शिरते, कोणता रस्ता आधी बंद पडतो, कोणत्या आळीतील माणसे घर सोडावयास तयार होत नाहीत, हे ज्याला कळले, तो दुसऱ्या पुराच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात असतो किंवा निवृत्त होऊन घरी बसलेला असतो. बदल्यांच्या पद्धतीला तिची सबळ कारणे आहेत. तिला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपत्ती ज्या अंतराने येते आणि माणूस ज्या मुदतीने जातो, त्यांचा मेळ बसत नाही. अशा स्थितीत केवळ अनुभवावर भिस्त ठेवणे म्हणजे प्रत्येक पुराच्या वेळी नव्याने अडाणी होणे होय.

अनुभव आणि ज्ञान ह्यांत भेद आहे, तो येथे स्पष्ट होतो. अनुभव माणसाबरोबर येतो आणि माणसाबरोबर जातो. तो लिहिला, इतरांच्या अनुभवाशी ताडून पाहिला, त्यातील आपल्या गावापुरते काय आणि सर्वत्र लागू पडणारे काय हे वेगळे काढले, म्हणजे त्याचे ज्ञान होते; आणि ज्ञान मागे ठेवून जाता येते. ही क्रिया आपोआप घडत नाही. ती करावयास शिकावे लागते, आणि पदव्युत्तर अभ्यासाचे प्रयोजन हेच आहे.

ह्या शास्त्राचा उगमच मोठा उद्बोधक आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याने भरलेले एक जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन पेटले व त्याचा स्फोट झाला. सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. जळते जहाज पाहण्यासाठी खिडक्यांच्या काचांशी उभ्या राहिलेल्या कितीतरी लोकांचे डोळे काचांच्या तुकड्यांनी गेले. त्या गावी सॅम्युएल हेन्री प्रिन्स नावाचे एक तरुण धर्मोपदेशक काम करीत होते. पाच वर्षांपूर्वी टायटॅनिक बुडाली, तेव्हा समुद्रात सापडलेल्या प्रेतांचा अंत्यविधी करण्याचे कर्तव्यही त्यांना करावे लागले होते. संकटात सापडलेल्या लोकांत वावरलेल्या ह्या गृहस्थांनी पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन हॅलिफॅक्सच्या उत्पातावर प्रबंध लिहिला, आणि तो १९२० साली प्रसिद्ध झाला. आपत्ती आणि समाज ह्यांच्या संबंधाचे पहिले पद्धतशीर अध्ययन म्हणून तो आज मानला जातो. म्हणजे ह्या शास्त्राचा पहिला विद्यार्थी हा कामातला माणूस होता. जे निस्तरले तेच तो अभ्यासावयास बसला.

परंतु ज्ञान छापले जाणे निराळे आणि ते कामावरच्या माणसापर्यंत पोहोचणे निराळे. हॅलिफॅक्सचा प्रबंध छापून २४ वर्षे झाली, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटले. त्यात दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही होत्या. आग विझविण्यासाठी गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. देशभर १४ एप्रिलला अग्निशामक दलाचा स्मृतिदिन पाळला जातो, तो त्यांच्यासाठीच. दारूगोळ्याचे जहाज भरवस्तीच्या बंदरात पेटले म्हणजे काय होते, हे जगाला तोवर ठाऊक झालेले होते. ते पुस्तकात होते. गोदीत ते नव्हते.

ह्यानंतर हे शास्त्र बरेच पुढे गेले. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठात १९६३ साली आपत्तींच्या अध्ययनाचे एक केंद्र स्थापन झाले. तेथील क्वारान्टेली प्रभृती संशोधकांनी प्रत्यक्ष आपद्ग्रस्त गावी जाऊन जे पाहिले, त्याने कित्येक रूढ समजुती खोट्या ठरल्या. संकट आले की लोक सैरावैरा पळतात, विवेक सोडतात, असे आपण धरून चालतो. वास्तविक असे क्वचितच घडते. बहुसंख्य लोक भानावर असतात, परस्परांना साहाय्य करतात, आणि पहिला बचाव करणारा हात जवळजवळ नेहमी शेजाऱ्याचाच असतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा आपल्या बाजूचा तळ पुणे जिल्ह्यात आहे. त्याला घाट उतरून येण्यास वेळ लागणारच. तोपर्यंत वाडीतील माणसे आणि बंदरावरील होडीवाले हेच खरे बचावदल असते. हे ज्याला ठाऊक आहे, तो अधिकारी गर्दी पांगविण्यात आपला पहिला तास घालवीत नाही. कोणाकडे होडी आहे, कोणाकडे दोर आहे, कोणाला पोहता येते, ह्याची यादी त्याने मे महिन्यातच करून ठेवलेली असते.

इंग्लंडातील बॅरी टर्नर ह्या समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली ह्याहूनही मोलाची गोष्ट दाखवून दिली. त्याने ८४ दुर्घटनांच्या चौकशीचे अहवाल अभ्यासले. वेल्समधील ॲबरफान गावी कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मालाचा ढिगारा १९६६ साली घसरून १४४ जीव गेले, त्यांपैकी ११६ मुले होती. तो अहवाल त्यांत प्रमुख होता. टर्नर म्हणतो, अशी दुर्घटना एका दिवसात घडत नाही. ती अनेक वर्षे गर्भावस्थेत असते. तिच्या खुणा दिसत असतात, कोणीतरी त्या सांगतही असतो. परंतु सांगणारा अधिकाराने लहान असतो, आणि ऐकणाऱ्याच्या कागदात ती गोष्ट कोठे लिहावी ह्याला रकाना नसतो.

हे वाचताना चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री तेथील मातीचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरण गळत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. फुटल्यानंतर खेकड्यांनी बांध पोखरल्याचे कारण पुढे करण्यात आले आणि त्यावर राज्यभर पुष्कळ चर्चा झाली. दोष कोणाचा, हा प्रश्न चौकशीचा आहे; त्यात आज शिरावयाचे नाही. विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा आहे. गावकऱ्याची तक्रार पाटबंधाऱ्याच्या कचेरीत पोहोचल्यापासून धरणाखालच्या वाडीला रात्री जागे करीपर्यंत किती पायऱ्या होत्या, आणि ती गोष्ट कोणत्या पायरीवर अडली? हा प्रश्न ज्या अभियंत्याने, ज्या तलाठ्याने, ज्या मुख्याध्यापकाने एकदा नीट सोडवून लिहिला, त्याच्या टेबलावर पुढची तक्रार आली असता तो ती फायलीत नुसती लावून ठेवणार नाही.

ह्या अभ्यासात शिकवितात तरी काय? त्याचे सामान्यतः चार भाग करतात. १९७९ साली अमेरिकेतील राज्यपालांच्या संघटनेने ही विभागणी मांडली व ती बहुतेक सर्वत्र रूढ झाली. संकटाचा जोर आधीच कमी करणे, त्यासाठी सज्ज राहणे, ते आले असता धावून जाणे, आणि ते ओसरल्यावर मोडलेले पुन्हा उभारणे, असे हे चार भाग होत. आपले लक्ष बहुधा तिसऱ्यावरच खिळलेले असते. होड्या, दोर, शिधा ह्यांची चित्रे वर्तमानपत्रात येतात. परंतु खरे काम पहिल्या दोहोंत आणि शेवटच्यात असते.

पहिल्या भागाचे उदाहरण आपणांपैकी पुष्कळांनी आगगाडीत बसून अनुभविले असेल. कोकण रेल्वेवर २००३ च्या जून महिन्यात वैभववाडीजवळ आणि २००४ च्या जून महिन्यात महाडजवळील करंजाडी येथे मार्गावर दगड येऊन मोठे अपघात झाले. त्यानंतर डोंगराच्या कापांची मजबुती, दरडी अडविणाऱ्या जाळ्या, पावसाळ्यातील गस्त आणि गाड्यांचा कमी केलेला वेग ह्यांवर कटाक्ष ठेवण्यात आला. पावसाळ्यात गाडी उशिरा पोहोचते म्हणून आपण कुरकुरतो. तथापि ते स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक म्हणजे अनुभव कागदावर उतरून नियम झाल्याचे उत्तम उदाहरण आहे. गँगमन बदलला, स्टेशनमास्तर बदलला, तरी वेळापत्रक बदलत नाही.

तिसऱ्या भागात, म्हणजे धावून जाण्यातही, शास्त्र आहे. कॅलिफोर्नियात १९७० साली वणवे पेटले, तेव्हा मदतीस आलेल्या निरनिराळ्या दलांचे शब्द निराळे, हुकमाची साखळी निराळी, असा गोंधळ झाला. त्यातून एक पद्धत निघाली. एका प्रसंगाचा सूत्रधार एकच असावा, सर्वांनी एकच परिभाषा वापरावी, आणि एका माणसाच्या हाताखाली थेट पाच-सातांहून अधिक माणसे नसावीत, ही तिची मुख्य सूत्रे. आपल्या राष्ट्रीय प्राधिकरणानेही २०१० साली तशाच स्वरूपाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, हे खरे. परंतु पाणी चढू लागले म्हणजे महसूल, पोलीस, आरोग्य, वीज, एस.टी., बंदर आणि नगरपरिषद ह्या सर्वांना एकमेकांची भाषा कळावी लागते, आणि ती पुरात शिकता येत नाही.

चिपळुणात २०२१ च्या पुरात एस.टी.च्या आगारातील कर्मचाऱ्यांनी बुडालेल्या बसच्या टपावर तासन् तास बसून आगाराची रोकड राखली. त्या कर्तव्यनिष्ठेपुढे मान लवते. पण शिकलेला माणूस मान लववून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारतो. पाणी अमुक खुणेला पोहोचताच रोकड, कागद, गाड्या आणि माणसे उंचावर जावीत, अशी ओळ आगाराच्या नियमपत्रकात लिहिली असती, तर त्या शूरांवर टपावर बसण्याची पाळी आली असती काय? शौर्याची गरज जितकी कमी पडेल, तितकी व्यवस्था चांगली.

आणि चौथा भाग, पुन्हा उभारण्याचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील माड-पोफळींच्या बागा आडव्या केल्या. भरपाईचे प्रचलित माप हेक्टरी होते. आमच्या कोकणात बागायतदाराची मालकी गुंठ्यांत असते, त्यातही वाटेकरी अनेक, आणि एका आगरात माड, पोफळ, मिरवेल अशी एकावर एक पिके. हेक्टराच्या मापाने त्याच्या हाती नाममात्र रक्कम पडावयाची. आणि नव्याने लावलेली पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षे हवीत! पुढे झाडागणिक मदत देण्याचा निर्णय झाला, तो योग्यच झाला. परंतु ही गोष्ट आधी कोणाच्या ध्यानात यावयास हवी होती? ज्याने बागा पाहिल्या आहेत आणि नियमही वाचले आहेत, त्याच्या. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथे शिकलेला एखादा कृषी अधिकारी नोकरी करता करता हा विषय प्रबंधास घेईल, तर कोकणच्या भूमीला बेतलेले भरपाईचे माप पुढच्या वादळापूर्वीच तयार असेल.

येथे कोणी म्हणेल की, मग तरुण पदवीधरांनाच हे शिकवा. पोक्त माणसांना का त्रास देता? तरुणांनी अवश्य शिकावे. परंतु ह्या शास्त्राचा कच्चा माल कामावरच्या माणसापाशी असतो. चिपळूणचा पूर समजून घ्यावयाचा तर तीन घड्याळे एकदम पाहावी लागतात. एक सह्याद्रीवरील पावसाचे, दुसरे कोयनेची वीज निर्माण करून पोफळी-कोळकेवाडीच्या बाजूने वाशिष्ठीत उतरणाऱ्या पाण्याचे, आणि तिसरे दाभोळच्या खाडीतून वर चढणाऱ्या भरतीचे. ही तीन घड्याळे तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत टांगलेली आहेत. त्या तीन कचेऱ्यांतील तीन माणसे एका वर्गात शेजारी बसली, तर जे काम पत्रव्यवहाराने वर्षभरात होत नाही ते एका संध्याकाळी होईल. सहाध्यायांची ओळख हा अशा अभ्यासक्रमाचा अर्धा लाभ होय. कारण संकटाच्या रात्री माणूस परिपत्रक शोधीत नाही, ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करतो.

सोयीही अगदीच नाहीत असे नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने जमशेटजी टाटांच्या नावाने ह्या विषयाचे विद्यालय काढले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका घरी राहून करता येईल अशी ठेवली. पुण्याच्या यशदा संस्थेत अधिकाऱ्यांचे वर्ग होतात. संकटसमयीच्या मदतकार्याचे शिक्षण देणारी मध्यवर्ती संस्था नागपुरास १९५७ सालीच निघाली होती. परंतु मुंबई, पुणे, नागपूर ही सारी घाटापलीकडची किंवा खाड्यांपलीकडची गावे. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरीत आहे. शनिवार-रविवारचे वर्ग येथेच भरावेत, आणि त्यांचे वेळापत्रक कोकणच्या ऋतुमानाने आखावे, हे उचित. जून ते सप्टेंबर हे चार महिने विद्यार्थी आपापल्या जागी असला पाहिजे. तेव्हा वर्ग नको, परीक्षा तर नकोच. दिवाळीनंतर अध्यापन, होळीच्या सुमारास परीक्षा, आणि प्रबंध मात्र आपल्याच तालुक्यावर. तो प्रबंध तहसील कचेरीत ठेवला जावा आणि नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने तो वाचल्याची सही करावी, एवढी साधी अट घातली, तरी बदलीने होणारी हानी निम्मी भरून निघेल.

एक भय मात्र खरे आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. पदवी ही बढतीची पायरी होऊन बसते. भिंतीवर चौकट लागते आणि डोके होते तसेच राहते. ह्या विषयात असे झाले तर त्याचे परिणाम भयंकर होतील, कारण अर्धवट ज्ञानाचा अहंकार पुराच्या वेळी प्राणघातक ठरतो. त्यावर उपाय एकच. ह्या शिक्षणाची खरी परीक्षा कागदावर न घेता गावात घ्यावी. विद्यार्थ्याने आपल्या कचेरीत, शाळेत, रुग्णालयात वर्षातून एकदा रंगीत तालीम घेतली काय, वीज गेल्यावर प्राणवायूवरील रोगी कोठे न्यावयाचा हे ठरले काय, शाळेच्या माडीची किल्ली रात्री कोणाकडे असते हे लिहिले काय, अशा प्रश्नांवर गुण द्यावेत.

शेवटी, श्रोतेहो, आपणां सर्वांच्या घराशी ह्याचा जो संबंध आहे तो सांगतो. आपल्या घरी कोणी डॉक्टर असेल, कोणी परिचारिका, कोणी अभियंता, कोणी शिक्षिका, कोणी बँकेत वा आगारात. दिवसभराचे काम उरकून असा माणूस पुस्तक घेऊन बसतो, तेव्हा त्याच्या संध्याकाळची किंमत घरातील सर्वांनी मोजलेली असते. मुलांची गोष्ट राहते, बाजार दुसऱ्याला करावा लागतो, सणावारी पाहुण्यांकडे जाणे चुकते. ही किंमत थोडी नव्हे. परंतु ती कशासाठी मोजावयाची, हे आपणांस स्पष्ट असावे. पुढचा पूर केव्हा येईल हे कोणास ठाऊक नाही. तो येईल एवढे मात्र निश्चित आहे. त्या रात्री ज्या खुर्चीवर जो कोणी बसलेला असेल, त्याच्यापुढे कोऱ्या कागदाऐवजी आधीच्या माणसाने विचारपूर्वक लिहून ठेवलेली चार पाने असावीत. ती पाने कोणाच्या तरी घरातील दिव्याखालीच लिहिली जावयाची आहेत.

ज्या घरी असा दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असेल, त्या घरच्यांनी तो अकाली मालवू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.